डाव्या काडीचा बाक

मेहुण्याचा चष्मा मी गरम पाण्यात बुडवला तो निव्वळ मायेपोटी. दुपारचं जेवून तो आमच्याकडे पंख्याखाली आडवा झाला होता. चष्मा टेबलावर होता. बसची धूळ, घाम आणि डोक्याचं तेल यांची मिळून त्यावर चांगली साय धरली होती. चहाचं पाणी उकळतच होतं. म्हटलं, झोपून उठल्यावर बिचाऱ्याला जग जरा लख्ख दिसू दे. वाडग्यात पाणी ओतलं, साबणाचा चुरा टाकला, चष्मा आत सोडला आणि वर्तमानपत्रातलं शब्दकोडं घेऊन बसलो.

कोडं अडलं तेव्हा चष्म्याची आठवण झाली. स्वच्छ झाला होता, त्यात वाद नाही. फक्त त्याची डावी काडी, जी मांजराच्या शेपटीसारखा डौलदार बाक घेऊन मागे वळलेली होती, ती आता शाळेतल्या फूटपट्टीइतकी सरळ झाली होती. उजवीही सरळ झाली होती, पण तिचं एवढं काही नव्हतं. सगळा जीव होता तो डाव्या काडीत.

कारण मेहुण्याला डावा कान नाही. म्हणजे आतलं यंत्र ठणठणीत आहे, बाहेरचा पंखाच तेवढा नाही. तिथे जन्मापासून शेंगदाण्याएवढा एक कोंब आहे. चाळिशीपर्यंत त्याचं काही अडलं नाही. बस चालवायला हात, पाय, डोळे आणि प्रवाशांचं बोलणं मनावर न घेण्याची ताकद लागते. ते सगळं त्याच्याकडे भरपूर होतं. पण चाळिशी आली, डोळ्यांनी दगा दिला आणि डेपोच्या डॉक्टरांनी चष्मा लिहून दिला. आता चष्मा अडकवायचा कशाला? उजव्या कानावर लावला की एक खिळा निसटलेल्या पाटीसारखा लोंबायचा. मागून इलास्टिकची दोरी लावून पाहिली, तर ती डोक्यावरून वर सरकायची आणि चष्मा कपाळावर चढून बसायचा. मग डोक्यामागे धरणारा हा बाक आला, तरी डेपोच्या इन्स्पेक्टरांचा विश्वास बसेना. त्या दिवशी सकाळीच त्यांनी सांगितलं होतं, "परवा सकाळी तुमच्या शेजारी बसून फेरी करणार. चष्मा एकदा जरी जागचा हलला, तर स्टिअरिंग सोडायचं आणि टायरच्या गोदामात बसायचं."

टायरच्या गोदामाला खिडकी नाही. मेहुण्याला खिडकीबाहेर रस्ता पळताना दिसला नाही तर जेवण जात नाही.

"अहो, काय केलंत हे!" बायको वाडग्यात बघून म्हणाली.

"धुतला."

"धुतला? इस्त्री केल्यासारखा दिसतोय!"

मेहुणा उठून आला. त्याने चष्मा हातात घेतला, काडीवरून बोट फिरवलं आणि अगदी हळू म्हणाला, "भावजी, हा बाक घालायला बाईंना महिना लागला होता."

माणूस ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

ज्या बाईंना महिना लागला होता, त्यांना आमच्या भागात सगळे फ्रेमबाई म्हणतात. कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात त्या काचेच्या काउंटरमागे उंच स्टुलावर बसतात. डोळे तपासणारे डॉक्टर आत पडद्याआड असतात आणि लोक त्यांना नमस्कार करून जातात. पण पुन्हा पुन्हा येतात ते बाईंकडे. नंबर बरोबर असून चष्मा नाकावर टोचत असेल, तर त्या नंबराला कोण विचारतो?

बाईंना नावं लक्षात राहत नाहीत. नाकं राहतात. "ते उजवीकडे झुकलेलं नाक आलं होतं का गं?" असं त्या शेजारच्या शिंपिणीला विचारतात आणि शिंपीण बरोबर उत्तर देते. मला त्या पहिल्या भेटीतच म्हणाल्या होत्या, "तुमचा एक कान वर आहे, एक खाली. लग्नाच्या फोटोत मान वाकडी दिसते ना?" दिसते. इतकी वर्षं मी फोटोग्राफरला दोष देत होतो.

बाई विनयशील वगैरे अजिबात नाहीत. "या गावात माझ्याइतकी फ्रेम कुणाला बसवता येत नाही," हे त्या 'आज उकडतंय' म्हणावं इतक्या सहज सांगतात. पण ही ऐट त्यांनी कमावलेली आहे. शाळेत असताना त्या मेणबत्तीवर प्लास्टिकची पट्टी धरून तिचे पीळ करायच्या. स्वतःच्या पट्ट्या संपल्या की मैत्रिणींच्या. मास्तरांची पट्टी जिलबी होऊन सापडली तेव्हा वडिलांना शाळेत बोलावणं आलं. वडिलांनी ती पट्टी उलटसुलट करून पाहिली आणि मास्तरांसमोरच विचारलं, "न मोडता वळवलीस कशी गं?" बाई म्हणतात, माझं शिक्षण त्या दिवशी पूर्ण झालं.

पुढे या दुकानात लागल्या त्या गिऱ्हाइकांकडे बघून हसायला. ते काही त्यांना जमलं नाही. पहिल्याच आठवड्यात घाईघाईत एक फ्रेम थंडच वाकवायला गेल्या आणि ती टक्‌ करून हातात दोन तुकड्यांत आली. दुसरी जास्त तापवली, तर तिला दुधासारखे बुडबुडे आले. म्हातारे मालक नुसते बघत होते. मग त्यांनी गरम वाळूचं तसराळं पुढे ओढलं, एक मोडकी काडी वाळूत खुपसली आणि म्हणाले, "ही बोलेपर्यंत हात लावू नकोस."

काडी बोलते म्हणजे काय, हे बाईंना तसराळ्यासमोर बसून बसून कळलं. बर्फाचं कसं, एका ठरावीक उष्णतेला तो पाणी होतो, मध्ये रेंगाळत नाही. काडीचं तसं नाही. ती वितळत नाहीच. आधी ठणठणीत असते, टिचकी मारली तर खणखणते. मग आवाज जरा बद्द होतो. मग कातड्यासारखी लवते. पातळ न होता, आकार न सोडता, नुसती ऐकायला लागते. त्या क्षणाला बाई 'ताव आला' म्हणतात. ताव ओळखायला त्या काडी गालाजवळ नेतात, अंगठ्याने हलकेच दाबतात, मग गिऱ्हाइकाच्या कानामागे तिला बाक देतात. आणि शेवटी त्यांचा तो प्रसिद्ध सोहळा. फ्रेम थंड पाण्याच्या वाडग्यात सप्पकन बुडवायची, हात उंच करून झटकायची आणि गिऱ्हाइकाच्या नाकावर ठेवून म्हणायचं, "हं, आता नाचा!" लहान मुलं हे बघायला दुकानाच्या दारात उभी राहतात.

आम्ही तिघे दुकानात शिरलो तेव्हा बाईंनी आधी मेहुण्याचं तोंड पाहिलं, मग चष्मा आणि मग माझ्याकडे न बघताच विचारलं, "कुणी उकडला?"

बायकोने माझ्याकडे बोट दाखवलं. इतक्या वर्षांच्या संसारात तिने मला इतक्या तत्परतेने कधी पुढे केलं नव्हतं.

"मी पुन्हा वळवते," बाई म्हणाल्या. "आत्ता, अर्ध्या तासात." पण स्टुलावरून उतरल्या नाहीत. काडी हातात फिरवत राहिल्या. मग मेहुण्याला म्हणाल्या, "खरं सांग. मी पहिल्यांदा वळवली, त्यानंतर तू किती वेळा आलास?"

मेहुणा ओशाळला. "आठ-पंधरा दिवसांनी येतोच, बाई. दुपारच्या फेऱ्या झाल्या की हळूहळू उलगडते ती. इंजिनाशेजारीच बसतो ना मी. आणि घाम."

"म्हणजे यांनी पाण्यात एका दमात केलं, ते तुझी बस रोज थोडं थोडं करतेच आहे." बाईंनी काडी काउंटरवर ठेवली. "परवा ऊन असेल. फेरी लांब असेल. मी आज वळवली आणि परवा इन्स्पेक्टरासमोर तिने मान टाकली, तर?"

एवढी ऐटबाज बाई उत्तर माहीत नसलेला प्रश्न विचारताना मी पहिल्यांदाच पाहिली. मी गरम पाणी ओतलं होतं खरं, पण ते सोसणारी काडी त्यांची होती आणि ती टिकली नव्हती, हे त्यांना लागलं होतं.

नेमकी त्याच वेळी त्यांची सून डबा न्यायला आली. ती पाइपांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत कामाला आहे. दिवसभर प्लास्टिकचे तुकडे ताणणं, तापवणं, तोडणं हेच तिचं काम. सासू-सून दोघी एकाच जातीच्या वस्तूशी झुंजतात, पण घरी त्यावर बोलत नाहीत. बोलल्या की भांडण होतं.

सुनेने काडी पाहिली, सगळी हकिकत ऐकली आणि म्हणाली, "आई, तुमचा ताव आहे ना, त्याला आमच्याकडे काचसंक्रमण म्हणतात."

"काच कुठे आली यात? ही काडी आहे."

"काचेसारखीच आहे ती आतून. दाण्यांची नीट रांग नाही, नुसता गुंता. लांबच लांब धाग्यांचा गुंता. थंड असताना धागे जागच्या जागी जखडलेले असतात, म्हणून ती कडक. आम्ही त्याला काचेची अवस्था म्हणतो. तापली की धाग्यांना जराशी हलायला जागा मिळते, म्हणून लवते. आणि घामाचं पाणी आत शिरलं की कमी उष्णतेतसुद्धा सैल पडतात."

"आणि भिंगं?" मी मध्येच विचारलं.

"ती हल्ली प्लास्टिकची असतात."

काडी काचेच्या अवस्थेत आणि काच प्लास्टिकची! मी हे बायकोला समजावून सांगणार होतो, पण तिने डोळ्यांनीच गप्प केलं.

"बरं, पण माझा बाक उलगडतो का?" बाईंनी मुद्द्याला हात घातला.

सून जरा घुटमळली. "तुम्ही ते पाण्यात बुडवता ना, म्हणून."

शेजारच्या दुकानातलं शिंपिणीचं मशीन एकदम थांबलं. बाईंचं पाणी म्हणजे दुकानाची शान. त्याच्यावर बोट ठेवायचं, ते सुनेने, आणि गिऱ्हाइकांसमोर!

"तीस वर्षं बुडवतेय मी," बाई म्हणाल्या. आवाज थंड काडीसारखा होता. आणखी वाकवला असता तर टक्‌ झालं असतं.

"बहुतेकांना चालतं, आई. कानामागचा छोटासा बाक असतो तो, कानच धरून ठेवतो. पण यांचा बाक मोठा, आणि धरायला कान नाही. तुम्ही वळवता तेव्हा धागे ताणले जातात. ते नीट बसायच्या आत तुम्ही त्यांना गार करता. मग ते तसेच अवघडून अडकतात. पुन्हा ऊब मिळाली की पहिल्या जागेवर परत."

बाई काडीला अंगठ्याने दाबून बघायला लागल्या. तेव्हा मेहुण्याने घसा साफ केला. हा माणूस एरवी दोन वाक्यांच्या वर जात नाही.

"म्हणजे गर्दीच्या बससारखं," तो म्हणाला. "स्टॉपवर लोक घुसले की लगेच दार लावलं, तर कुणाचं कोपर दुसऱ्याच्या बरगडीत, कुणाचा एक पाय अधांतरी. पुढच्या स्टॉपला दार उघडलं की सगळे भसकन बाहेर. पण जरा थांबलो, 'सरका पुढे, सरका पुढे' केलं, गाडी हळूहळू हलवली, तर सगळे बरोबर बसतात. मग दार उघडलं तरी कुणी हलत नाही. उलट उतरायला सांगावं लागतं."

सून टाळी वाजवून म्हणाली, "अगदी तेच! वळवून झाल्यावर तावातच ठेवायची बराच वेळ, आणि मग हळू गार होऊ द्यायची. पाणी नाही."

"आणि इतका वेळ ती वळणात धरणार कोण? तुझा सासरा?" बाईंनी विचारलं. सासरे घरात वाटीसुद्धा धरत नाहीत, हे सर्वांना माहीत आहे. पण सगळे हसले त्याचं खरं कारण वेगळं होतं. बाईंनी 'नाही' म्हटलं नव्हतं. 'कसं' म्हटलं होतं.

सुनेच्या प्रयोगशाळेत त्याला लोखंडी साचे असतात. इथे मेहुण्याच्या डोक्याचा साचा कुठून आणायचा? बाई उठल्या, तसराळ्यापाशी गेल्या आणि वाळूत बोटं फिरवत उभ्या राहिल्या. मग एकदम वळल्या.

"वाळूच धरेल की!"

त्या रात्री त्यांना झोप लागली नाही, असं सूनच सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडताच त्यांनी मेहुण्याला स्टुलावर बसवलं, भिंगं काढली, डावी काडी तावावर आणली आणि त्याच्या डोक्यामागे, त्या कोंबाखालच्या खळग्यात, पुन्हा तो शेपटीचा बाक घातला. पाण्यात बुडवली. सून तोंड उघडणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "गप. हे नुसतं तात्पुरतं. वाळूत ठेवेपर्यंत धरायला."

मग एका खोल डब्यात गार वाळू घेऊन त्यांनी फ्रेम तिच्यात उभी केली आणि चमच्या-चमच्याने वाळू ठासली. बाकाच्या आत, बाकाच्या बाहेर, कुठेही हलायला जागा ठेवली नाही. वर ताटली. ताटलीवर वजन हवं होतं. शिंपिणीने तिची जुनी कोळशाची इस्त्री दिली. डबा तसराळ्याखालच्या तव्यावर चढला, मंद.

आणि मग फ्रेमबाईंना वाट बघावी लागली.

घाई करू नये हे त्या जन्मभर दुसऱ्यांना सांगत आल्या, पण त्यांची स्वतःची वाट बघणं म्हणजे चहा गाळण्याएवढं. आता दुपार झाली तरी डबा तव्यावरच. बाई उठायच्या, ताटलीला हात लावायच्या, सून घड्याळाकडे नुसतं बघायची, बाई पुन्हा बसायच्या. एका नाकाला त्यांनी चुकून दुसऱ्याच नाकाची फ्रेम घातली. मला म्हणाल्या, "तुम्ही इथे का बसलाय? घरी काही उकडायचं राहिलंय का?" तवा बंद केल्यावर तर आणखी कठीण झालं. डबा आपोआप गार व्हायला हवा होता. शेजारीच थंड पाण्याचं वाडगं भरलेलं होतं. बाईंची नजर सारखी त्याच्याकडे जायची. शेवटी त्यांनी स्वतःच ते उचललं आणि दारातल्या झाडाला ओतून आल्या.

संध्याकाळी डबा हाताला अगदी गार लागला तेव्हा त्यांनी वाळू उपसली. फ्रेम निघाली. बाक होता. पण वळवल्यावर बाक दिसतोच, त्यात काय मोठंसं. खरी गोष्ट पुढे होती.

बाई माझ्याकडे वळल्या. "जा, घरून तेच पाणी आणा. त्याच वाडग्यात."

मी तसाच पळालो. पाणी उकळलं, कालच्यासारखंच ओतलं, रस्त्यावरून वाडगं सांभाळत आलो. लोकांना वाटलं असेल, दुकानात कुणाचं तरी बाळंतपण आहे. बाईंनी फ्रेम आत सोडली. मेहुण्याने मान वळवून भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघायला सुरुवात केली. बायकोने माझा दंड धरला, आणि तो काही प्रेमाने नव्हे. पाणी कोमट होईपर्यंत आम्ही बाकीचे वाडग्यात बघत राहिलो.

बाईंनी फ्रेम बाहेर काढली. उजवी काडी कालच्यासारखीच सरळ होती, कारण तिला अजून कुणी वळवलंच नव्हतं. डावी शेपटी जशीच्या तशी! बाईंनी अंगठा फिरवला, एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाल्या, "केसभर उघडलीय. केसभर मी आधीच जास्त घातली होती."

सुनेने त्यांना मिठीच मारली. बाईंना मिठीची सवय नाही; त्या खांबासारख्या उभ्या राहिल्या. मग हळूहळू त्यांनाही ताव आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे दुकानाच्या पायरीवर उभे होतो. मेहुण्याची फेरी याच रस्त्याने जाते. ऊन मनापासून पडलं होतं. बस दिसली तेव्हा बाईंनी बसकडे पाहिलंच नाही, फक्त ड्रायव्हरच्या काचेकडे पाहिलं. दुकानासमोर गतिरोधक आहे, चांगला उंच. बस त्यावरून धडाडून उतरली. आत इन्स्पेक्टर मेहुण्याच्या शेजारी बसले होते, आणि आम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, इन्स्पेक्टरांचा चष्मा नाकावरून उडाला, हनुवटीवर आपटला आणि त्यांनी तो दोन्ही हातांनी झेलला. मेहुण्याचा चष्मा चित्रातल्यासारखा जागच्या जागी. त्याने आरसा पाहिला, उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं आणि आयुष्यात विनाकारण हॉर्न न वाजवणाऱ्या या माणसाने आमच्या दारात असा लांब हॉर्न दिला की शिंपिणीच्या दुकानातला कापडाचा ढीग पडला.

"बसला!" बाई ओरडल्या. "बसला गं, बसला!" आणि सुनेचा हात धरून पायरीवरच गरकन फिरल्या. तीस वर्षं लोकांना 'नाचा' म्हणणाऱ्या बाई स्वतः नाचताना आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो.

मेहुणा पास झाला. टायरचं गोदाम वाचलं, म्हणजे मेहुणा गोदामापासून वाचला. संध्याकाळी पहिलं गिऱ्हाईक आलं ते इन्स्पेक्टर, चष्मा हातात धरून. "त्या ड्रायव्हरसारखा बसवून द्या," म्हणाले. बाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे बघून निकाल दिला, "नाक आखूड आहे. वेळ लागेल. बसा." आता कठीण बाकांसाठी बाई वाळूचा डबा लावतात, सून सुट्टीच्या दिवशी येऊन तवा किती तापता ठेवायचा ते बघते, आणि घरी त्या दोघी जेवताना यावर मनसोक्त भांडतात. पाण्याचं वाडगंही परत आलंय, साध्या कानांसाठी. दारातल्या मुलांनी तक्रार केली होती.

त्या संध्याकाळी सगळे पांगल्यावर मी काउंटरपाशी जरा रेंगाळलो. मनात एक विचार घोळत होता आणि तो मला फारच आवडला होता. म्हटलं, "बाई, एक बोलू? मी तो चष्मा उकडला नसता तर हे काहीच कळलं नसतं. म्हणजे एका अर्थी या सगळ्याचं श्रेय माझ्याकडेच येतं, नाही का?"

बाईंनी इन्स्पेक्टरांची फ्रेम वाळूत खुपसली आणि मान वर न करता म्हणाल्या, "पुढचा शोध स्वतःच्या चष्म्यावर लावा."